घरून काम म्हणजे कामचुकारपणा?

साहेबाची नजर हटली की माणूस काम टाळतो, म्हणून घरून काम म्हणजे अर्धी सुट्टीच, असं वर्षानुवर्षं ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही.

अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. यातला मोठा वाटा जास्त मिनिटं काम केल्याचा होता, कारण मधल्या विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. नोकरी सोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. अर्थात हे सगळे स्वेच्छेने आलेले होते आणि त्यांच्याकडे कामासाठी स्वतंत्र खोली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडणाऱ्याला हाच आकडा लावणं अन्यायाचं ठरेल.

खरा तोटा वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याच प्रयोगात, तेवढीच चांगली कामगिरी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. जो डोळ्यांसमोर नाही, तो आठवत नाही. शिवाय एकटेपणा! संधी मिळताच जवळपास निम्मे जण ऑफिसात परतले.

मधला मार्गही तपासला गेलाय. २०२४ साली त्याच कंपनीतल्या १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढतीला धक्का लागला नाही.