जे ग्रूडन : छपराखालच्या फुटबॉलने घडवलेला प्रशिक्षक

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या मुख्य लीगमधल्या वॉशिंग्टन रेडस्किन्सने (म्हणजे आजच्या कमांडर्सने) मुख्य प्रशिक्षक म्हणून जे ग्रूडनचं नाव जाहीर केलं. सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकलेल्या जॉन ग्रूडनचा धाकटा भाऊ आणि सिनसिनाटी बेंगल्सच्या आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा सहायक, अशी त्याची ओळख करून दिली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्याच. पण १९९१ ते २००८ असे सलग अठरा हंगाम हा माणूस छपराखाली, छोट्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या अरीना फुटबॉल लीगमध्ये होता. आधी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू), मग प्रशिक्षक, मध्येच पुन्हा क्वार्टरबॅक आणि परत प्रशिक्षक. ती अठरा वर्षं बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जात. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं यश आणि त्यातल्या उणिवा, दोन्हींची मुळं त्या बंदिस्त मैदानात आहेत.

अरीना फुटबॉल हा खेळ जिम फॉस्टर यांच्या डोक्यातून निघाला. फेब्रुवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते इनडोअर सॉकरचा सामना बघायला गेले होते. अमेरिकन फुटबॉल असाच छपराखाली खेळवता येईल, हे त्यांना तिथे सुचलं आणि हाताशी असलेल्या लिफाफ्यावर त्यांनी मैदानाची आकृती काढली. १९८६ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्ड शहरात चाचणी सामना झाला आणि १९८७ मध्ये चार संघांची लीग सुरू झाली. शिकागो ब्रूझर्स, डेन्व्हर डायनामाइट, पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्स आणि वॉशिंग्टन कमांडोज. फॉस्टर यांनी या खेळाचं पेटंटही मिळवलं.

मैदान आइस हॉकीच्या रिंकमध्ये मावेल एवढं. लांबी ५० यार्ड, म्हणजे नेहमीच्या मैदानाच्या निम्मी, आणि रुंदी जेमतेम ८५ फूट. अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला सीमारेषेऐवजी गाद्या लावलेली भिंत आणि गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच ताणलेली जाळी. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू जिवंत असतो, कोणीही तो झेलून पळू शकतो. बॉक्स क्रिकेट खेळलेल्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. पंट, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं, इथे नियमातच बसत नाही. त्यामुळे चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नातही धावायचं, फेकायचं किंवा गोल मारायचा.

या सगळ्याचा भार क्वार्टरबॅकवर पडतो. चेंडू त्याच्या हातात येण्याआधीच एका रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) पुढे धावत सुटायची मुभा असते, म्हणजे तो बचावपटूसमोर पूर्ण वेगात येतो. लाइनबॅकर्सवर (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंवर) कुठे उभं राहायचं आणि कधी घुसायचं याची नियमांनीच बंधनं. आक्रमणाला सगळं अनुकूल, फक्त जागा आणि वेळ नाही. दोन पावलं मागे घ्यायची, बचावपटूची कंबर कुठे वळतेय ते बघायचं आणि भिंतीपाशी जेमतेम हातभर फटीत चेंडू टाकायचा. चेंडू धरून बसणारा क्वार्टरबॅक इथे टिकत नाही. ताकदवान खांद्यापेक्षा इथे लवकर ठरवणारं डोकं लागतं, आणि पन्नास-साठ गुण होणाऱ्या सामन्यांत एक चुकलेला पाससुद्धा निकाल फिरवतो.

ग्रूडन अशा डोक्याचा होता. जन्म १९६७चा, ओहायोतल्या टिफिन गावचा. वडील जिम ग्रूडन फुटबॉल प्रशिक्षक, त्यामुळे बदल्यांबरोबर घर फिरत राहिलं. वडिलांना टँपा बे बुकॅनियर्समध्ये काम मिळालं आणि कुटुंब फ्लोरिडात आलं. पुढे लुइव्हिल विद्यापीठात हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांच्या हाताखाली तो क्वार्टरबॅक म्हणून खेळला. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) मात्र एनएफएलच्या एकाही संघाने त्याला घेतलं नाही. दोन वर्षांनी पिट्सबर्ग ग्लॅडिएटर्सचा संघ टँपाला हलला, टँपा बे स्टॉर्म झाला, आणि ग्रूडनला आपल्याच गावात काम मिळालं.

पहिल्याच हंगामात स्टॉर्मने अंतिम सामना, म्हणजे अरीना बोल, जिंकला. समोर होता त्या काळचा दादा संघ डेट्रॉइट ड्राइव्ह, निकाल ४८-४२. १९९२ मध्ये ग्रूडन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९३ मध्ये पुन्हा डेट्रॉइटलाच हरवून दुसरं विजेतेपद आलं, १९९५ मध्ये ऑर्लँडो प्रेडेटर्सला हरवून तिसरं. १९९६ चा अंतिम सामना आयोवातल्या डे मॉइन शहरात, यजमान आयोवा बार्नस्टॉर्मर्सविरुद्ध झाला. स्टॉर्मने तो ४२-३८ असा जिंकला. त्या दिवशी हरलेला क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर, जो त्याच्या दोनच वर्षं आधी आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. जानेवारी २००० मध्ये त्याच वॉर्नरने सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला आणि अरीनाकडे बघण्याची अमेरिकेची नजर बदलली. (हाच वॉर्नर पुढे भारतातल्या एलिट फुटबॉल लीगच्या अमेरिकी पाठीराख्यांमध्ये होता. त्या लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असेल.)

वॉर्नर एनएफएलमध्ये गेला, ग्रूडन मागे राहिला. ही तुलना अनेकांनी केली, पण मला ती अन्यायाची वाटते. १९९७ मध्ये नॅशव्हिल कॅट्समध्ये आक्रमणाचा प्रशिक्षक म्हणून एक वर्ष काढल्यावर, १९९८ मध्ये वयाच्या ३१व्या वर्षी तो ऑर्लँडो प्रेडेटर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. टँपा आणि ऑर्लँडो यांच्यात गाडीने दीड तासाचं अंतर आणि हाडवैर. त्याच वर्षी अंतिम सामन्यात, टँपाच्याच मैदानावर, आपल्या जुन्या संघाला त्याने ६२-३१ असं धुतलं. २००० मध्ये नॅशव्हिलला ४१-३८ ने हरवून दुसरं विजेतेपद. खेळाडू म्हणून चार आणि प्रशिक्षक म्हणून दोन, अशी सहा विजेतेपदं.

त्या काळी बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळावं लागे. मोकळेपणाने खेळाडू बदलण्याची परवानगी २००७ मध्ये आली. म्हणजे तोवर रिसीव्हर दमला की तुमचा बचावही दमायचा. कोणाला कधी श्वास घेऊ द्यायचा, हे हिशेब धावत्या घड्याळात करायचे, कारण प्रत्येक अर्धाचा शेवटचा मिनिट सोडला तर घड्याळ सहसा थांबत नाही. दिमतीला सहायकांची फौज नाही. असा धडा एनएफएलमधल्या कुठल्या तरुण सहायकाला मिळतो?

२००२ मध्ये जॉन टँपा बे बुकॅनियर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने धाकट्याला मदतनीस म्हणून घेतलं. त्याच वर्षी जेने पुन्हा हेल्मेट चढवलं, ऑर्लँडोसाठी, वयाच्या ३५व्या वर्षी. दोन हंगाम अरीनात चेंडू फेकायचा आणि एनएफएलचा हंगाम सुरू झाला की भावाच्या कचेरीत चित्रफिती तपासायच्या. जानेवारी २००३ मध्ये बुकॅनियर्सने सुपर बोल जिंकला, त्याची अंगठी त्यालाही मिळाली. २००४ पासून तो पुन्हा ऑर्लँडोचा प्रशिक्षक झाला आणि २००६ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तो शिकागो रशने ६९-६१ असा जिंकला.

मग डिसेंबर २००८ मध्ये लीगने २००९ चा हंगामच रद्द केला. खर्च वाढले होते आणि मंदी दारात होती. पुढे दिवाळखोरी आली. जॉनची बुकॅनियर्समधली नोकरीही जानेवारी २००९ मध्ये गेली. दोन्ही आधार एकदम सुटले. तो नव्या युनायटेड फुटबॉल लीगमधल्या फ्लोरिडा टस्कर्सकडे गेला, २०१० मध्ये त्याचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि तिथून २०११ मध्ये सिनसिनाटीला. अँडी डॉल्टन हा नवखा क्वार्टरबॅक आणि ए. जे. ग्रीन हा नवखा रिसीव्हर घेऊन बेंगल्स सलग तीन वर्षं बाद फेरीत पोचले. वॉशिंग्टनचं बोलावणं या जोरावर आलं.

तिथला पहिला हंगाम ४ विजय, १२ पराभव असा गेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ग्रूडनने रॉबर्ट ग्रिफिनला बसवून कर्क कझिन्सला पहिला क्वार्टरबॅक केलं. ग्रिफिनसाठी संघाने २०१२ मध्ये ड्राफ्टमधल्या आपल्या पहिल्या फेरीच्या निवडींची खैरात केली होती, कझिन्स त्याच वर्षी चौथ्या फेरीत घेतलेला. पण कझिन्स वेळेवर चेंडू सोडतो, आणि आयुष्यभर भिंतीपाशी पास टाकलेल्या माणसाला तेच दिसणार. २५ ऑक्टोबर २०१५ ला टँपाविरुद्ध संघ ०-२४ असा मागे होता. २४ सेकंद उरलेली असताना कझिन्सने जॉर्डन रीडला टचडाउनचा (शेवटच्या पट्ट्यात झेलून सहा गुण देणारा) पास दिला आणि सामना ३१-३० असा जिंकला. त्या वर्षी वॉशिंग्टन लीगमधल्या आपल्या विभागात (गटात) पहिलं आलं.

उणीवही इथेच दिसते. २०१५ ते २०१७ या तिन्ही हंगामांत कझिन्सने ४,००० यार्डांच्या वर पास केले, पण या तीन वर्षांत चेंडू घेऊन धावणाऱ्या वॉशिंग्टनच्या एकाही खेळाडूने एका हंगामात हजार यार्ड गाठले नाहीत. अरीनात धावणं ही नावापुरती गोष्ट. सवय अशी सहज जात नाही. २०१८ मध्ये संघाचे ६ विजय, ३ पराभव झालेले असताना क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथचा पाय मोडला आणि हंगाम विस्कटला. पुढच्या हंगामाचे पहिले पाचही सामने हरल्यावर ७ ऑक्टोबर २०१९ ला ग्रूडनला काढलं. तोवर डॅन स्नायडरच्या मालकीत सर्वाधिक काळ टिकलेला प्रशिक्षक तोच होता. टस्कर्समध्ये त्याच्याबरोबर काम केलेल्या आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचा आक्रमण समन्वयक झालेल्या शॉन मॅक्व्हेने मात्र २०२२ मध्ये रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला.

अरीनाचे इतर क्वार्टरबॅकही या वाटेने आले. शॉन पेटन १९८७ च्या पहिल्याच हंगामात शिकागो ब्रूझर्सकडून खेळला आणि पुढे न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा सुपर बोल विजेता प्रशिक्षक झाला, पण त्याचं प्रशिक्षण अरीनाबाहेर झालं. क्लिंट डोलेझलने फिलाडेल्फिया सोलला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ विजेतेपदं मिळवून दिली, पण एनएफएलचं मुख्य प्रशिक्षकपद त्याच्यापर्यंत आलं नाही. टँपा बे स्टॉर्म २०१७ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला. २०१० मध्ये पुन्हा उभी राहिलेली लीगही नोव्हेंबर २०१९ मध्ये, ग्रूडनची नोकरी गेल्यावर दोन महिन्यांच्या आतच, दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली.