आउटबोर्ड इंजिनाची चार्जिंग यंत्रणा : बिघाड आणि तपासणी

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून पकडून बसवलेल्या इंजिनातून बॅटरीकडे वीज पोचवणाऱ्या साखळीला चार्जिंग यंत्रणा म्हणतात. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. त्यांच्या पोटात तांब्याच्या गुंडाळ्यांचे स्थिर चक्र असते, त्याला स्टेटर किंवा नुसतेच ‘कॉइल’ म्हणतात. चाक फिरले की कॉइलमध्ये उलटसुलट वाहणारा प्रवाह तयार होतो. रेक्टिफायर तो एकाच दिशेचा करतो आणि रेग्युलेटर त्याचा दाब (व्होल्टेज) मर्यादेत ठेवतो. बहुतेक इंजिनांत हे दोन्ही एकाच डबीत असतात. मोटारसायकलवाले त्या डबीला ‘आरआर युनिट’ म्हणतात. तिथून तांबडी वायर फ्यूजमधून, सेल्फच्या रिलेवरून बॅटरीच्या धन टोकाला जाते. छोट्या इंजिनाची कॉइल ५–६ अँपिअर देते, मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनाची त्याच्या कितीतरी पट.

सोलापूर जिल्ह्यात अशा इंजिनांशी संबंध येतो तो भीमेवरच्या उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयावर आणि पुरात उतरवायच्या रबरी बोटींवर. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा–माढ्याच्या बाजूला पाणी लांबवर पसरले. रबरी बोटी पंढरपुरात चंद्रभागा पात्राबाहेर आली की लागतात, एरवी गोदामात पडून असतात. दोन्हीकडचे आजार समुद्रावरच्यापेक्षा वेगळे. जलाशय गोड्या पाण्याचा असल्याने कोकणातल्यासारखी मिठाची खाज वायरिंगला लागत नाही. इथे मारते ते ऊन आणि पडून राहणे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत जाते आणि दर १० अंश तापमानवाढीला हा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी पावसाळ्याआधीच खलास झालेली असते आणि दोष मात्र कॉइलला लागतो.

‘बॅटरी उतरते’ आणि ‘चार्जिंग पडत नाही’ या दोन निराळ्या तक्रारी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. निम्मी दुरुस्ती इथेच होते. सगळी भिस्त मल्टिमीटरवर. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन सुरू करून मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वर न्यावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला तर यंत्रणा ठीक आहे, चूक बॅटरीची किंवा वापराची. जागचा हलला नाही तर चार्जिंग खरोखरच बंद आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. अशा वेळी बॅटरी उकळते, आतले पाणी आटते आणि आंबट, कुजकट वास येतो; तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये.

ही चाचणी जमिनीवर करायची असेल तर इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडालेला हवा. कोरडे चालवले तर पाणी खेचणारे रबरी इंपेलर काही सेकंदांत खराब होते आणि चार्जिंगच्या नादात दुसराच खर्च उभा राहतो.

पुढे बॅटरीकडून इंजिनाकडे उलटे चालत जावे. अनेक जण नेमके याच्या विरुद्ध करतात, फ्लायव्हील काढूनच बसतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आहे का, टर्मिनलवरचा पंखाचा नट (विंग नट) हाताने हलतो का, अर्थची वायर इंजिनाच्या अंगाला घट्ट आहे का, हे आधी पाहावे. फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, काढून मीटरवर तपासावा. पात्यापाशी तुटलेला फ्यूज वरून चांगलाच दिसतो. मग चार्जिंग चालू असताना मीटरची एक पिन रेक्टिफायरच्या तांबड्या वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत कुठेतरी गंजलेला कपलर (वायरींचा जोड) आहे.

हे सगळे चांगले निघाले तरच कॉइलकडे वळावे. तिच्या वायरी (बऱ्याच इंजिनांत पिवळ्या) रेक्टिफायरपासून सोडवून आपापसांत रोध मोजला तर तो अगदी थोडा, बहुधा एखाद-दोन ओहमच्या आत असतो; नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. वायर आणि इंजिनाचे अंग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कॉइल आतून अर्थ झाली आहे. सोलापुरात यंत्रमागाच्या आणि विहिरीवरच्या मोटारी बांधून देणारे कारागीर आहेत, त्यामुळे कॉइल तिथेच बांधून घ्यायचा मोह होतो. पण फ्लायव्हीलखालची उष्णता, थरथर आणि ओल सोसेल असे इन्सुलेशन नसेल तर ती फार दिवस टिकत नाही.

रेक्टिफायर जाण्याची एक खूण बोटीवर बसल्या बसल्या कळते : फेऱ्या दाखवणारा काटा एकाएकी शून्यावर येतो. बऱ्याच इंजिनांत त्याला इशारा याच चार्जिंग कॉइलकडून मिळतो. डबी जळण्याची कारणे साधी असतात : बॅटरीची टोके उलटी जोडणे, किंवा इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करणे. बॅटरी तुटताच दाब उसळतो आणि रेक्टिफायरमधले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात. शिवाय अनेक रेग्युलेटर जादाची वीज परत कॉइलकडेच वळवून उष्णतेत घालवतात. बॅटरी भरलेली आणि भर उन्हात लांबची फेरी असली तर डबी सर्वात जास्त तापते. तिच्या पंखांवरचा चिखल पुसणे हीच इथली खरी देखभाल.

जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात ठिणगीसाठी वेगळी कॉइल असते. त्यामुळे चार्जिंग मेले तरी दोरी ओढून इंजिन सुरू होते आणि सेल्फ गप्प होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. इंधन इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत मात्र पंप आणि संगणक बॅटरीवर असतात. व्होल्टेज घसरले की इंजिन पाण्याच्या मधोमध बसते.

आणखी एक प्रकार बिघाड नसूनही बिघाड म्हणून येतो. हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला नेलेली बोट तासन्‌तास संथ चालवावी लागते. त्या गतीला कॉइल जेमतेम एक-दोन अँपिअर देते, त्यात स्पीकर आणि दिवे चालू. संध्याकाळी बॅटरी बसलेली असते. अशा बोटीचे सुटे भाग बदलून काही होत नाही. रात्री काठावर चार्जर लावावा लागतो.