घोडनदीचे जव

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीवर माणसं राहतात. हा पांढरेपणा मुळात त्या मातीचा नसतो. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नव्या उभ्या राहतात. चुलीतली राख, जनावरांचं शेण, घर सारवताना वापरलेला चुना, फुटक्या मडक्यांची खापरं असं सगळं शेकडो वर्षं थरावर थर साचत जातं आणि जमीन फिकट होत होत टेकाडासारखी वर येते. ही माती कसदार असते. म्हणून पूर्वी शेतकरी गाड्या भरभरून ती खतासाठी शेतात नेऊन टाकत. तिच्याबरोबर कितीतरी इतिहासही शेतात पसरून गेला.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामामागची मोठी नावं. खाली निघाली ती सुमारे इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० अशी नऊशे वर्षं सलग नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. शाळेत आपण नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि पिवळी नदी या चार खोऱ्यांची नावं पाठ करतो आणि घोडनदीचं नावही ऐकत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. शेती आली म्हणजे नेमकं काय झालं, हे समजून घ्यायला इनामगावाइतकी चांगली जागा आपल्याला दुसरी मिळणार नाही.

तिथला एक जळका जवाचा दाणा घेऊ. साधा दाणा मातीत पडला तर रुजतो, सडतो, नाहीतर किड्यामुंग्या त्याला खातात. चुलीजवळ सांडून अर्धवट जळला आणि त्याचा कोळसा झाला, तर मात्र त्याला कीडही लागत नाही आणि बुरशीही धरत नाही. तीन हजार वर्षांनी उत्खननातली राखट माती पाण्यात ढवळली की माती तळाला बसते आणि हे हलके काळे दाणे वर तरंगतात. ते वस्त्रगाळ करून सावलीत वाळवायचे आणि भिंगाखाली एकेक करून ओळखायचे. एखाद्या स्वयंपाकघरात करपलेलं धान्य पुढे पुराव्याच्या कामी येतं ते असं.

हा जव घोडनदीचा नव्हे. त्याचं रानटी मूळ पश्चिम आशियातल्या डोंगरउतारांवर आहे. रानटी जवाची ओंबी पिकली की तिच्या कण्याचे सांधे आपोआप सुटतात आणि दाणे जमिनीवर विखुरतात. गवताच्या दृष्टीने हे उत्तमच, कारण त्याला पुढच्या वर्षी उगवायचं असतं. पण काही झाडांमध्ये जनुकातल्या एका बदलामुळे हे सांधे सुटत नाहीत आणि दाणे ओंबीलाच धरून राहतात. रानात अशा झाडाचा वंश टिकणं अवघड. माणूस मात्र विळा चालवून पेंढ्या घरी नेतो, तेव्हा सुटून पडणारे दाणे मागेच राहतात आणि धरून राहणारे घरी पोहोचतात. पुढच्या पेरणीचं बी घरातल्याच धान्यातून निघतं. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने कापून मळल्याशिवाय ज्याची नीट पेरणीच होणार नाही असं एक पीक तयार झालं. हे ठरवून कुणी केलेलं नाही. विळा चालत राहिला, निवड होत राहिली.

तिथून जव पूर्वेकडे सरकला. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगड आहे. तिथल्या सर्वांत जुन्या थरांतल्या मातीच्या विटांमध्ये जवाचे ठसे आहेत, आणि हडप्पाची शहरं उभी राहिली ती त्याच्या कितीतरी नंतर. पुढे सिंधूचं खोरं, माळवा, आणि मग तापी ओलांडून दख्खन. हिवाळी पावसाच्या प्रदेशातलं हे पीक आपल्या रब्बीत बसलं, पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर. इनामगावात जवाबरोबर गहू, मसूर आणि वाटाणाही सापडले. ही सगळी पाहुणी मंडळी. त्यांच्या शेजारीच त्याच राखेत कुळीथ निघाला, आणि कुळीथ भारतीय द्वीपकल्पाचं आपलं कडधान्य आहे. कोकणात आजही ज्याचं पिठलं होतं, तेच. इनामगावातली शेती दोन टोकांकडून येऊन एका चुलीपाशी मिळालेली आहे, आणि मला या सगळ्या उत्खननात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आता घरं पाहू. भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० मध्ये, ती ऐसपैस आणि चौकोनी होती. खाली मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कूड आणि वर गवताचं छप्पर. आत चूल, अंगणात धान्याची पेवं. पेवाला आतून चुन्याचा लेप दिलेला असे, म्हणजे ओल आणि उंदीर दोन्ही दूर राहत. काही ठिकाणी जमिनीत चार सपाट दगड मांडलेले होते, ते रांजण बसवण्यासाठी. कुंभार, चुना भाजणारे, मणी घडवणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम अंगाला राहत. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं आणि त्याच्या शेजारी पेवांनी आणि कणग्यांच्या ओट्यांनी भरलेली एक इमारत. उत्खनन करणाऱ्यांनी घर प्रमुखाचं मानलं आणि इमारत गावाचं कोठार. नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध आणि पाणी वळवणारा दोन पुरुष खोल चरही सापडला.

कोठार, प्रमुख, कारागीर, पाटबंधारे. प्राचीन शहरांच्या वर्णनात येतं ते जवळजवळ सगळं इथे आहे. मग घोडनदीकाठी शहर का झालं नाही?

याचं बरंचसं उत्तर जमिनीत आहे. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या शेवटी चढायचा आणि ओसरताना सपाट रानावर मऊ पोयटा पसरून जायचा. शेतकऱ्याने त्यात नुसतं बी फेकायचं. ज्याला आपण गाळपेर म्हणतो, तीच तिथे मैलोन्‌मैल होत असे. सिंधूला बर्फाचंही पाणी आणि पावसाचंही, आणि तिचाही गाळ असाच पसरे. अशा गाळात लाकडी नांगर सहज चालतो. एक कुटुंब स्वतःच्या गरजेपेक्षा बरंच जास्त पिकवतं आणि त्या जादा धान्यावर लेखनिक, गवंडी, पुजारी, व्यापारी जगतात. आपल्या नद्या कातळातून खोल कापत जातात. पूर येतो तो पावसाळ्यात, दोन दिवस धिंगाणा घालतो आणि उतरतो. मागे नदीकाठी गाळाची अरुंद पट्टी उरते. त्या पट्टीपलीकडे सगळी काळी. ओली असताना ती पायाला लोण्यासारखी चिकटते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा साधला तर सोनं, नाहीतर दगड. लोखंडाच्या फाळाशिवाय ती मोठ्या प्रमाणावर मोडणं फार अवघड, आणि या लोकांकडे लोखंड नव्हतं. तांबंसुद्धा इतकं तुटपुंजं की रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी चाले. ही नाजूक, समांतर धारेची पाती तिथे हजारोंनी सापडली. त्यात शिरूरचा पट्टा पर्जन्यछायेचा. या शेतीतून कोठार भरत होतं, पण शहर पोसण्याइतकं नाही.

शहर म्हणजे काय हे त्यांच्या कानावर नव्हतं असंही नाही. उत्तरेला प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे एका थरात हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळाच्या खुणा आणि हडप्पा लिपीतली अक्षरं असलेल्या मुद्रा मिळाल्या. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला जमिनीत चार भरीव धातुमूर्ती सापडल्या, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. तरी प्रवरेच्या खोऱ्याचा उत्तरेशी संबंध होता, याची साक्ष मुद्रा देतातच.

म्हणून इनामगावाला मी शहर होता होता राहिलेलं गाव म्हणणार नाही. नऊशे वर्षं एका जागी नांदणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिथल्या माणसांचा जीव त्या जागेत किती गुंतला होता हे घरांच्या जमिनीखाली दिसतं. लहान मूल गेलं की ते गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि खड्डा घरातच. वर जमीन सारवून पुन्हा रोजचा वावर सुरू. सापडलेल्या दफनांत मुलांचीच संख्या फार मोठी आहे. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरत आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. गेलेल्याने घर सोडून भटकू नये म्हणून, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. एक अपवाद आहे. चार पायांच्या, पोट सुटलेल्या कच्च्या मातीच्या एका रांजणात बसवलेला चाळिशीतला पुरुष. त्याची पावलं शाबूत होती.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटलं. ऐसपैस घरं गेली, छोट्या गोल झोपड्या आल्या. गहू जवळपास नाहीसा झाला. जव टिकला, कारण कमी पाण्यात आणि हलक्या जमिनीत तो गव्हापेक्षा चिवट. हरणांची हाडं वाढली, म्हणजे लोक पुन्हा शिकारीकडे वळले. पाऊस कमी झाला असं ढवळीकरांनी मांडलं. इतर काही अभ्यासक त्या अरुंद पट्टीवर शतकानुशतकं पडलेल्या ताणाकडे बोट दाखवतात. मला दोन्ही एकत्र घडलेलं शक्य वाटतं. पाऊस हटला की आधीच थकलेली जमीन लवकर हात टेकते. तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातल्या सुमेरमध्येही कालव्यांनी जमिनी खारवल्या, तेव्हा शेतकरी गहू सोडून जवाकडे वळले होते. तिथे शहरं होती, इथे नव्हती, पण गव्हाने दोन्हीकडे आधी साथ सोडली.

इ.स.पू. ७००च्या सुमाराला वस्ती ओस पडली. त्याच सुमाराला विदर्भात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी पेटलेली होती. पुढे लोखंडी फाळाने काळी मोडली आणि सातवाहनांच्या काळात पैठण, जुन्नर, तेर अशी शहरं उभी राहिली. घोडनदीकाठी तोवर छपरं कुजली होती, कूड पडला होता आणि पेवांमध्ये माती भरत चालली होती. कुणीतरी पूर्वीच एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरून ठेवली होती. आत एक देवी, झाकणावर शिर नसलेली दुसरी आणि तिच्याजवळ एक बैल. झाकणावरच्या देवीच्या पोटाला एक भोक, बैलाच्या पाठीला एक. दोन्हींत एक काडी घातली की देवी बैलावर नीट बसते.