पटकथा आणि शूटिंग स्क्रिप्ट: शॉट लिहिल्याने फरक पडत नाही

पटकथेत शॉट टाकले की तिची शूटिंग स्क्रिप्ट होते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्यामुळे नव्या लेखकांच्या पानोपानी ‘क्लोज-अप’, ‘कॅमेरा हळूहळू मागे सरकतो’, ‘क्रेन वर जाते’ अशा सूचना पेरलेल्या दिसतात. दुसरीकडे काही दिग्दर्शक लेखकाची पटकथा आहे तशी झेरॉक्स करून युनिटला वाटतात, आणि शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी ‘बाविसावा सीन म्हणजे नेमका कुठला?’ यावर सेटवर वाद सुरू होतो. दोन्हीकडचा घोटाळा एकच आहे. हे दोन कागद दिसायला सारखे असले तरी त्यांचे वाचक वेगळे असतात. पटकथा वाचणारा माणूस हा सिनेमा करायचा की नाही, हे ठरवत असतो. शूटिंग स्क्रिप्ट हातात घेणाऱ्या माणसाचं ते ठरून झालेलं असतं. त्याला उद्या सकाळी काय घेऊन कुठे पोचायचं, एवढंच हवं असतं.

आधी पटकथेकडे पाहू. कल्पना सुचली की एक-दोन वाक्यांची लॉगलाइन होते, मग सगळी गोष्ट वर्तमानकाळात सलग सांगणारी ट्रीटमेंट, मग सीनमागून सीन मांडणारी वन-लाइन, आणि त्यानंतर संवादांसकट एकामागून एक मसुदे. पूर्ण लांबीच्या सिनेमाची पटकथा साधारण ९० ते १२० पानांची भरते, कारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा ढोबळ हिशेब या धंद्यात चालतो. हा हिशेब १२ पॉइंट कूरियर या टाइपरायटरच्या वळणाच्या टाइपवर बसवलेला आहे. देवनागरीत पान वेगळ्या तऱ्हेने भरतं, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्याने पानं मोजण्यापेक्षा घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावं.

या सगळ्या टप्प्यांवर कागद वाचणारा माणूस एकटा बसून वाचतो. निर्माता, नट, पैसे घालणारा, कधी दिग्दर्शकसुद्धा. त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमा उभा राहिला पाहिजे आणि मध्ये कुठे ठेच लागता कामा नये. समजा, असं लिहिलंय:

बाहेर. रेल्वे फलाट – रात्र. पाऊस. फलाटावर चिटपाखरू नाही. मीरा बाकावर बसलीय, मांडीवर भावाची जुनी पेटी. गाडी येते, थांबते, निघून जाते. कुणीच उतरलेलं नाही. मीराचा फोन वाजतो. पलीकडे आई. ‘आला का गं?’

लेखकाने कॅमेऱ्याचा उल्लेख एकदाही केलेला नाही, तरी शॉट दिसतात. ‘मांडीवर भावाची जुनी पेटी’ वाचताना नजर पेटीवर जाते, ‘कुणीच उतरलेलं नाही’ म्हटल्यावर रिकामा फलाट समोर येतो. वाक्य कुठे तोडायचं, ओळ कुठे सोडायची, एवढ्यावर चांगला पटकथाकार कॅमेरा हलवतो. तिथे ‘मिड शॉट, नंतर लाँग शॉट’ असं घातलं की वाचणारा गोष्टीतून बाहेर येतो. शिवाय दिग्दर्शकाला वाटतं की लेखक आपलं काम करायला निघालाय. या पटकथेवर सीनचे क्रमांकही नसतात. मसुदे बदलत असताना क्रमांक घालणं व्यर्थ असतं. पुढच्या मसुद्यात ते सगळे सरकणार असतात.

आता हाच सीन मंजूर झाला, तारखा ठरल्या, आणि पानं पहिल्या सहायक दिग्दर्शकाच्या हातात आली. तो मीराच्या दुःखाकडे ढुंकूनही पाहत नाही. पाऊस खरा की टँकरचा? गाडी भाड्याने घ्यायची, की आवाजावर आणि अंगावरून सरकणाऱ्या उजेडावर भागवायचं? पेटी आधीच्या कुठल्या सीनमध्ये दिसली आहे, आणि तिथे तिची कडी तुटलेली होती का? मीरा भिजणार असेल तर साडीच्या किती जोड्या लागतील? आणि आई कुठे आहे?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महागात पडणारा. पटकथेत तो एक सीन आहे, कारण वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच प्रसंग आहे. पण फलाट एका जागी आणि आईचं स्वयंपाकघर दुसरीकडे. दोन्हींचं शूटिंग वेगवेगळ्या दिवशी होणार, कदाचित आईचं काम करणारी नटी फलाटाच्या रात्री युनिटमध्येच नसेल. म्हणून शूटिंग स्क्रिप्टमध्ये या एका प्रसंगाचे दोन सीन होतात: ४१, बाहेर, फलाट, रात्र; आणि ४२, आत, स्वयंपाकघर, रात्र. फोनवर संवाद मागेपुढे जात असेल तर तेही स्पष्ट नोंदवावं लागतं. ‘दिवसामागून दिवस जातात’ असं एका परिच्छेदात मावलेलं मोंटाज असेल तर त्याचे सहा-सात तुकडे होतात, प्रत्येकाला स्वतःची जागा, स्वतःची वेळ आणि स्वतःचा क्रमांक मिळतो. गोष्ट तीच राहते, तिची कामाच्या सोयीने कापाकापी होते.

शूटिंग स्क्रिप्टची खूण म्हणजे हे क्रमांक. प्रत्येक सीनच्या शीर्षकाला डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही समासांत क्रमांक छापलेला असतो. त्यांच्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. ब्रेकडाउनमध्ये प्रत्येक सीनमधून पात्रं, गर्दी, प्रॉप, कपडे, गाड्या, प्राणी, स्टंट, व्हीएफएक्स वेगळं काढून त्या क्रमांकाखाली लिहितात. सीनची लांबी पानाच्या आठव्या हिश्शात मोजतात: एक पूर्णांक तीन अष्टमांश पान, दोन अष्टमांश पान. (कागदावर ‘दंगल उसळते’ ही एक ओळ एक अष्टमांश पानाची. ती चित्रित करायला तीन रात्री गेल्या तर त्यात मोजणाऱ्याचा दोष नाही, पण अनुभवी सहायक तिथे लाल पेन्सिल फिरवून ठेवतो.) मग जागा आणि पात्रांच्या तारखा पाहून सीनच्या पट्ट्या मागेपुढे लावून शेड्यूल होतं, शेड्यूलवरून बजेटचा आकडा पक्का होतो, कुणी कधी कुठे पोचायचं हे सांगणारी रोजची कॉल शीट निघते, क्लॅपवर (टेकच्या वेळी कॅमेऱ्यासमोर धरायच्या पाटीवर) तोच क्रमांक चढतो, आणि शेवटी संकलकाच्या टेबलावर फूटेज त्याच क्रमांकाने उघडतं.

एवढ्या लोकांनी आपापल्या वह्यांत ‘४१’ लिहून ठेवल्यावर ४१चा अर्थ बदलता येत नाही. म्हणून एका दिवशी क्रमांक लॉक करतात. माझ्या मते पटकथेची शूटिंग स्क्रिप्ट होते ती या दिवशी, शॉट लिहिल्याच्या दिवशी नव्हे.

लॉक केलं म्हणजे बदल थांबतात असं मुळीच नाही. उलट खरे बदल तेव्हा सुरू होतात. रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा पाहायला, गेल्यावर कळतं की ज्या जिन्यावर भांडण लिहिलंय तो जिना अरुंद आहे, कॅमेरा राहणार नाही. तालमीत नट म्हणतो, हे वाक्य माझ्या तोंडी बसत नाही. पैसे कमी पडतात आणि लग्नाचा सीन गच्चीवरच्या दोघांच्या बोलण्यात उरकावा लागतो. बदल होणारच, ते कळणार कसे, याची रीत शूटिंग स्क्रिप्टला असते. सीन काढला तर क्रमांक पुसत नाहीत. ‘३३ – वगळला’ अशी ओळ तिथेच राहते आणि तो क्रमांक पुन्हा कुणालाही देत नाहीत. नाहीतर कुणीतरी हरवलेला तेहतिसावा सीन शोधत बसेल. नवा सीन २४ आणि २५च्या मध्ये घालायचा झाला तर पुढचे सगळे सरकवत नाहीत, त्याला २४ए म्हणतात.

इथे एक गंमतशीर अडचण आहे. क्लॅपवर लिहायच्या अमेरिकन पद्धतीत सीन २४चा पहिला सेटअप (कॅमेऱ्याची एक मांडणी) नुसता २४, दुसरा २४ए, तिसरा २४बी असा चालतो. म्हणजे ‘२४ए’ हा नवा सीन आहे की चोविसाव्याचा दुसरा सेटअप, हे संकलकाला कसं कळावं? म्हणून कित्येक स्क्रिप्ट सुपरवायझर (सेटवर काय चित्रित झालं याच्या नोंदी ठेवणारे) अक्षर पुढे घ्यायला सांगतात: २४ आणि २५च्या मधला सीन म्हणजे ए२५. ब्रिटिश पद्धतीत स्लेटचे, म्हणजे क्लॅपवरचे, आकडे पहिल्या दिवसापासून एका ओळीत चढत जातात, सीनच्या क्रमांकाशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे हा गोंधळ तिथे उद्भवत नाही. कुठलीही पद्धत घ्या, पण क्रमांक लॉक करण्याआधी स्क्रिप्ट सुपरवायझरला विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पानांचंही तसंच. सीनचे क्रमांक लॉक झाल्यावर, सगळ्यांना प्रती वाटायच्या वेळी, पानांचे क्रमांकही लॉक होतात. मग ५६व्या पानावर अर्धं पान वाढलं तर ते ५६ए होतं, ५७ जागचं हलत नाही. बदललेल्या ओळीपुढे उजव्या समासात फुली येते. बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून फक्त तेवढीच वाटतात. पहिली प्रत पांढरी, मग निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी असा क्रम बऱ्याच ठिकाणी पाळतात. पुढचे रंग ठिकठिकाणी बदलतात. एका नजरेत कळतं की कलादिग्दर्शकाच्या हातात गुलाबी पान आहे आणि वेशभूषेवाला अजून निळ्यावरच आहे. आता बरंचसं काम मोबाइलवरच्या पीडीएफवर चालतं, फायनल ड्राफ्टसारखी सॉफ्टवेअर लॉकिंग, फुल्या आणि ए-पानं आपोआप सांभाळतात, तरी रंगांची नावं टिकून आहेत.

लॉक कधी करायचं, याला ठरलेला नियम नाही. घाईने केलं तर शूटिंगपर्यंत निम्मी स्क्रिप्ट एबीसीने भरते. उशीर केला तर प्रत्येक खातं वेगवेगळ्या मसुद्यावर ब्रेकडाउन करून बसतं, आणि ते जास्त वाईट. ब्रेकडाउन सुरू करायच्या आदल्या दिवशी क्रमांक, आणि सगळ्या युनिटला प्रत द्यायच्या दिवशी पानं, हा मध्यम मार्ग मला पटतो.

मग शॉट कुठे जातात? शॉटचा गैरसमज अगदीच निराधार नाही. १९१०च्या दशकात थॉमस इन्स या अमेरिकन निर्मात्याने सेटवर सुचेल तसं चित्रीकरण करण्याऐवजी सगळं आधी कागदावर उतरवायची पद्धत रुजवली. ‘कंटिन्यूइटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कागदांत सीन, जागा, पात्रं, मांडणी असं सगळं एकत्र असे, आणि स्टुडिओंच्या काळात शूटिंग स्क्रिप्टमध्ये शॉटचे तपशीलही ठासून भरलेले असत. आजही काही दिग्दर्शक शॉट डिव्हिजन, म्हणजे सीनची शॉटमध्ये विभागणी, थेट स्क्रिप्टच्या समासात करतात. पण आता बहुतेक ठिकाणी शॉट लिस्ट, स्टोरीबोर्ड आणि जागेचा वरून काढलेला नकाशा हे वेगळे कागद असतात. ते दिग्दर्शक आणि सिनेमॅटोग्राफर यांच्यात फिरतात आणि शूटिंगच्या सकाळपर्यंत बदलतात. वेशभूषेला ‘लो अँगल’शी काही देणंघेणं नसतं. रोज बदलणारी गोष्ट आणि लॉक केलेली गोष्ट एकाच पानावर ठेवली की लॉकचा अर्थच जातो.

गैरसमजाचं दुसरं कारण साधं आहे: गाजलेल्या सिनेमांच्या ज्या स्क्रिप्ट वाचायला मिळतात त्यांतल्या कितीतरी शूटिंग स्क्रिप्ट असतात, आणि काही तर तयार सिनेमा पाहून मागाहून उतरवलेल्या असतात. शिकणारा त्यातले क्रमांक, ‘वगळला’, कॅमेऱ्याच्या नोंदी बघतो आणि आपल्या पहिल्या मसुद्यात तसंच करतो. स्क्रिप्ट उघडल्यावर आधी समास बघावा. दोन्हीकडे आकडे आणि मध्येच एखादा ‘ए’ दिसला तर तो लेखकाचा मसुदा नाही, कामाचा कागद आहे. सीन कसे बांधलेत हे शिकायला तो चांगला आहे. पान कसं लिहावं याचा नमुना म्हणून नाही.

यातलं काहीच नसताना मोठा सिनेमा होऊ शकतो, हेही खरं. सत्यजित राय यांनी १९५५चा ‘पथेर पांचाली’ रीतसर पटकथेवरून केला नव्हता. त्यांच्याजवळ टिपणं होती आणि स्वतः काढलेली चित्रं होती. पण युनिट लहान होतं आणि सिनेमा त्यांच्या डोक्यात होता. सहा जणांत शॉर्ट फिल्म करणाऱ्यांनाही रंगीत कागदांची गरज नाही. सीनचे क्रमांक आणि प्रत्येक पानावर मसुद्याची तारीख, एवढं मात्र हवंच. नाहीतर ग्रुपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हीच’ अशा तीन फाइली फिरत राहतात आणि ध्वनिमुद्रण करणारा दुसरी उघडून बसलेला असतो.

शूटिंग सुरू झाल्यावरही हा कागद मिटत नाही. स्क्रिप्ट सुपरवायझर आपल्या प्रतीवर प्रत्येक टेकसाठी उभी रेघ ओढत जातो: संवाद कॅमेऱ्यासमोर असेल तिथे सरळ, पात्र फ्रेमबाहेर असेल तिथे नागमोडी. पानावर रेघ कुठे तुटली हे पाहून कळतं की मीराचं एक वाक्य कुठल्याच कोनातून आलेलं नाही, आणि तेही सेट मोडायच्या आत. ही रेघांची प्रत संकलकाकडे जाते. लेखकाची मूळ पटकथा तोवर वेगळ्याच कामी येते. अमेरिकेतल्या पटकथाकारांच्या संघटनेत श्रेयावरून वाद झाला तर लवाद प्रत्येक लेखकाचे मसुदे शेवटच्या शूटिंग स्क्रिप्टशी ताडून पाहतो. म्हणून लेखकाने लॉक व्हायच्या आधीचे आपले सगळे मसुदे तारखांसकट जपावेत. आणि तीच पटकथा एखाद्या स्पर्धेला किंवा दुसऱ्या निर्मात्याला पाठवायची झाली तर क्रमांक, फुल्या आणि ‘वगळला’च्या ओळी काढलेली प्रत पाठवावी.