स्लाइडर बोर्डाला जोडण्याआधी

पाकिटात रास्पबेरी पाय पिको बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा सर्किट बोर्ड), १० किलोओहमचा स्लाइड पोटेन्शिओमीटर (यापुढे स्लाइडर) आणि मायक्रो यूएसबी केबल आहे. बोर्डात प्रोग्राम आम्ही भरून दिला आहे. तीन वायरी जोडल्या की स्लाइडरने कॉम्प्युटरचा आवाज कमी-जास्त होतो.

या तीन वायरींसाठी दहा मिनिटं द्या, ही मनापासून विनंती. स्लाइडरमध्ये कार्बनची एक पट्टी असते. पट्टीची दोन टोकं, आणि तिच्यावरून सरकणारा संपर्क, म्हणजे वायपर. एक टोक ३.३ व्होल्टला (पिन ३६), दुसरं ग्राउंडला (पिन ३८), वायपर जीपी २६ ला (पिन ३१, बोर्ड इथे व्होल्टेज मोजतो). पण वायपरची पिन मधलीच असेल असं धरून चालू नका. बऱ्याच स्लाइडरमध्ये ती एका बाजूला असते. रोध (ओहम) मोजायला मल्टिमीटर लावा. ज्या दोन पिनांमध्ये स्लाइडरचा सरकता दांडा कुठेही नेला तरी साधारण १० किलोओहमच दिसतात, ती टोकं. उरलेली पिन वायपरची.

चुकून वायपर ३.३ व्होल्टला लागला, तर दांडा ग्राउंडच्या टोकाला जाताच थेट शॉर्ट होतो. कॉम्प्युटरवरून बोर्ड गायब होतो आणि कार्बनची पट्टी जळू शकते. ५ व्होल्टची वायर तर जीपी २६ जवळ नेऊच नका; पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत.

दुसरा स्लाइडर विकत घेणार असाल तर त्यावर बी१०के (B10K) लिहिलंय का ते बघा. ए१०के (A10K) असेल तर दांडा मधोमध असताना बोर्डाने मोजलेला आकडा अर्ध्यावर नसतो, आणि आवाज एका बाजूला एकदम उडी मारतो.

दांडा स्थिर असतानाही आकडे थोडे हलतात. बोर्ड ० ते ४०९५ मोजतो, इतक्या बारीक मोजणीत हे होणारच. आमचा प्रोग्राम सोळा वेळा मोजून सरासरी काढतो आणि किरकोळ फरक सोडून देतो. वायर लांब असेल तर वायपर आणि ग्राउंडमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, बोर्डाच्या अगदी जवळ.

एक मर्यादा आधीच सांगतो. बोर्ड कॉम्प्युटरला आवाजाची बटणं दाबल्यासारखे इशारे देतो. विंडोजमध्ये याच्या ५० पायऱ्या होतात. माउसने आवाज बदललात तर स्लाइडरची जागा आणि खरा आवाज यांचा मेळ सुटतो. केबल काढून पुन्हा लावली की बोर्ड आवाज शून्यावर आणून परत जुळवतो, म्हणून नाटकाचा प्रयोग चालू असताना हे करू नका. एकांकिकेचं म्युझिक ऑपरेट करणाऱ्यांनी मिडीचा (संगीताच्या उपकरणांना इशारे द्यायची पद्धत) प्रोग्राम मागून घ्यावा. त्यात १२८ पायऱ्या मिळतात, शिवाय साउंडच्या सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) थेट हलतो. नट विंगेत जाईपर्यंत गाणं हळूहळू विरवायचं तर हाताला हाच आधार लागतो.

मुंबईच्या पावसाळ्यात स्लाइडरच्या फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाते, मग दांडा हलवताना आकडे उड्या मारतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा, दांडा वीसेक वेळा पुढे-मागे करा, सुकू द्या. मशीनचं तेल घालू नका, धूळ आणखी चिकटते.

बोर्ड कॉम्प्युटरला दिसलाच नाही तर आधी केबल बदलून बघा. घरातल्या कित्येक केबली फक्त चार्जिंगच्या असतात. तरीही जमत नसेल तर आमच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात वायरी न सोडवता, जोडल्या आहेत तशाच घेऊन या. काउंटरवर मल्टिमीटर आहे, बसून बघू.