बायोस मारला आणि डिस्प्ले गेला: या दुखण्याची पार्श्वभूमी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण तसं कोण म्हणतं?) रिपेअरच्या टेबलावर ग्राफिक्स कार्ड आलं की तक्रार ठरलेली असते. पंखा फिरतोय, डिस्प्ले येत नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला: "बायोस मारलात का?" (बायोस म्हणजे कार्ड चालू होताना चालणारा, त्याच्याच चिपमधला प्रोग्राम. तो पुसून दुसरा लिहिणं म्हणजे मारणं, किंवा फ्लॅशिंग.) गिऱ्हाईक आधी नाही म्हणतं, दोन मिनिटांनी हो.

मागच्या महिन्यात मी तिथल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे बसलो होतो तेव्हा डोंबिवलीचा एक मुलगा एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घेऊन आला. "काका, व्हिडिओत दाखवलं तसंच केलं." खरंच तसंच केलं होतं. फाइल तेवढी दुसऱ्याच कार्डाची होती. फ्लॅशिंगच्या बहुतेक तक्रारी अशाच निघतात. लिहिण्याची क्रिया बिनबोभाट पार पडते, चुकतं ते काय लिहिलं ते.

ही भानगड कार्डात शिरली कधी? १९८१ च्या आयबीएम पीसीत स्क्रीनचं काम मदरबोर्डवरचा बायोसच बघायचा. १९८४ च्या ईजीए ग्राफिक्स कार्डाने स्वतःची रॉम, म्हणजे बायोस ठेवायची चिप, आणली. कॉम्प्युटर सुरू होताना मेमरीतल्या सी०००० या पत्त्यावर ५५ एए ही खूण शोधतो आणि सापडली की कार्डातला प्रोग्राम चालवतो. ती रॉम तेव्हा बदलायची म्हणजे चिप उपटून दुसरी बसवायची, नाहीतर काचेची खिडकी असलेली चिप अतिनील दिव्याखाली धरून पुसायची. घरी बसून कार्ड बिघडवण्याची सोयच नव्हती! ती सोय जागेवरच पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश मेमरीने केली. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्येच जगापुढे मांडली, आणि नव्वदच्या दशकात ती बोर्डांवर आली. फायदा दिसायला लागला तसा धोकाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने कित्येक मदरबोर्डांचे बायोस खरडून टाकले. बायोसला हात लावू नका, हा जुन्या लोकांचा धाक बऱ्याच अंशी तिथला आहे, असं मला वाटतं.

धाकावर मात केली लोभाने. एकच चिप, महाग कार्डात पूर्ण चालू आणि स्वस्तात थोडी बंद, ही कंपन्यांची जुनी रीत. २०१० च्या अखेरीस आलेल्या एएमडीच्या रेडिऑन एचडी ६९५० मध्ये १४०८ शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले छोटे भाग) चालू होते, ६९७० मध्ये १५३६. बऱ्याच ६९५० वर मोठ्या भावाचा बायोस मारला की उरलेले जागे व्हायचे. शिवाय कार्डाच्या कडेला दोन बायोसमधला छोटा स्विच होता. एक फसला तर सरकवा आणि दुसऱ्यावर चालू करा. फ्लॅशिंगच्या इतिहासात याहून शहाणी गोष्ट मला आठवत नाही, आणि अजूनही ती सगळ्या कार्डांवर नसते.

एनव्हिडियाने मात दार लावून घेतलं. २०१६ च्या पास्कल पिढीपासून बदल केलेला, कंपनीची डिजिटल सही मोडलेला बायोस कार्ड चालवेनासं झालं. सबसिस्टम आयडी जुळत नाही, हा एरर तर त्याआधीपासूनचा. ही फाइल दुसऱ्या मॉडेलची आहे, एवढंच तो सांगतो. पण तो दडपून पुढे जायचा पर्यायही फ्लॅशिंगच्या टूलमध्येच असतो आणि व्हिडिओवाले नेमका तोच शिकवतात. गंमत म्हणजे एकीकडे कुलूप लावणाऱ्या कंपन्याच दुसरीकडे फ्लॅश करा म्हणत होत्या. जानेवारी २०२० मध्ये एएमडीच्या आरएक्स ५६०० एक्सटीच्या मेमरीचा वेग ऐन विक्रीच्या तोंडावर सेकंदाला १२ वरून १४ गिगाबिटवर नेला गेला आणि आधीच खोक्यात गेलेल्या कार्डांना नवा बायोस लागला. मार्च २०२१ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेच्या जुन्या कार्डांना रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) तेच करावं लागलं.

आपल्या बाजाराला खरा ताप दिला तो मायनिंगने, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून इथेरियमसारखं क्रिप्टो चलन कमावण्याने. बायोसमध्ये मेमरीच्या वेळांचे तक्ते असतात, प्रत्येक वेगासाठी आणि मेमरीच्या प्रत्येक ब्रँडसाठी वेगळे. मायनर कमी वेगाचा कडक, म्हणजे कमी थांबवणारा, तक्ता उचलून जास्त वेगाच्या जागी चिकटवायचे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग संपलं आणि ती कार्डं स्वस्तात विकायला निघाली, पोटात तोच बायोस घेऊन. अशा कार्डावर डिस्प्ले येतो, पण एएमडीचा ड्रायव्हर सही तपासतो आणि बसायला नकार देतो. सॅमसंग मेमरीच्या कार्डावर हायनिक्स मेमरीसाठीचा बायोस गेला तर रंगीत ठिपके, पट्टे, नाहीतर सरळ अंधार. अंधाराचं आणखी एक कारण असतं, त्यात फ्लॅशिंगचा दोषही नसतो. जुन्या कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयसाठीचा (मदरबोर्डच्या बायोसची नवी पद्धत) स्क्रीन चालवणारा जीओपी भाग नसतो. विंडोज ११ साठी मदरबोर्डमधलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीला सांभाळून घेणारी सोय, बंद केलं की असं चांगलं कार्डही काळं राहतं.

डोंबिवलीच्या कार्डाचं निदान हीटसिंक उतरवल्यावर झालं. ते २०४८ एसपी, म्हणजे २०४८ शेडरचं मॉडेल होतं, २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आलेलं. नाव ५८०, अंगाने ५७०. त्यावर २३०४ शेडरचा बायोस मारला होता.

"जुना सेव्ह केला होतास?"

"नाही."

कार्ड लावलं की मशीन मदरबोर्डवरच्या डिस्प्लेवरही चालू होत नव्हतं, अडकायचं. तेव्हा काकांनी आठ पायांच्या बायोस चिपचा पहिला आणि आठवा पाय चिमट्याने जोडून धरला. पहिला पाय चिप निवडण्याचा, तो आठव्याच्या व्होल्टेजला बांधला की चिप गप्प बसते आणि मशीन पुढे सरकतं. विंडोज आलं, चिमटा काढला. मेमरीवरची अक्षरं भिंगातून वाचून योग्य फाइल शोधली आणि मारली. हे जमलं नसतं तर क्लिप लावून चिपवर थेट लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर होताच. फक्त चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अडॅप्टर हवा, नाहीतर चिपच जळू शकते.

डिस्प्ले आला. मुलाने कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून शेडरचा आकडा बघितला आणि हळूच विचारलं, "काका, म्हणजे २३०४ नाहीच होणार?"