एआयचं भवितव्य आणि इतिहासाचे सोयीचे दाखले

कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा वाद रंगला की जो तो इतिहासाकडे धावतो. आशावादी विजेचा दाखला देतात, धास्तावलेले अणुबॉम्बचा. ज्यांना हा सगळा फुगा वाटतो, ते १८४०च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरांवर चाललेल्या सट्ट्याची आठवण काढतात. दाखला एकदा निवडला की निष्कर्षही ठरूनच जातो. पुरावा म्हणून असे दाखले कुचकामी आहेत, पण त्यांच्या तपशिलात शिरलं तर बरंच काही हाती लागतं.

आधी या क्षेत्राचाच इतिहास. जॉन मकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये प्रस्ताव मांडला, की निवडक १० जण दोन महिने एकत्र बसले तर यंत्रबुद्धीच्या काही प्रश्नांत लक्षणीय मजल मारता येईल. १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात मंडळी जमली आणि क्षेत्राला नाव मिळालं. मजल मात्र लांबली. त्याआधी १९५४ मध्ये आयबीएमच्या संगणकाने रशियन वाक्यांचं इंग्रजी भाषांतर करून दाखवलं, तेव्हा तीन-पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल असं बोललं गेलं. अवघ्या २५० शब्दांचा आणि सहा नियमांचा तो खेळ होता! १९६६ मध्ये अमेरिकेत आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये या संशोधनाविषयी प्रतिकूल अहवाल आले आणि पैसा आटला.

म्हणून तज्ज्ञ नेहमी फुगवूनच सांगतात, असं कोणी म्हणेल. पण सप्टेंबर १९३३ मध्ये अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टी अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी निव्वळ वल्गना ठरवल्या होत्या, आणि अणूबद्दल त्यांच्याहून अधिक जाणणारं तेव्हा क्वचितच कोणी होतं. ती बातमी वाचून अस्वस्थ झालेल्या लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाला लंडनमध्ये साखळी अभिक्रियेची, म्हणजे एका अणूच्या फुटण्यातून पुढचे अणू फुटत जाण्याची, कल्पना सुचली. डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोत ती प्रत्यक्षात उतरली.

विजेचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात वरवर वापरला जातो. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. त्या काळच्या कारखान्यात एकच वाफेचं इंजिन असे. त्याच्या जोरावर छताखालचा लांबलचक लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून उतरलेले चामडी पट्टे खालची यंत्रं चालवत. यंत्र कुठे ठेवायचं हे कामाच्या क्रमावर कमी आणि दांड्याच्या जागेवर जास्त ठरे. मालकांनी इंजिन काढून तिथे मोठी विजेची मोटर बसवली, दांडा आणि पट्टे तसेच ठेवले. पी हळद नि हो गोरी असं काही झालं नाही. खरी वाढ दिसली ती १९२०च्या दशकात. तोवर यंत्रागणिक छोटी मोटर आली होती आणि एकमजली इमारतींत मांडणी मालाच्या प्रवासानुसार होऊ लागली होती. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये हा इतिहास मांडला तो संगणकांच्या संदर्भात: संगणक सगळीकडे दिसतात, मग उत्पादकतेच्या आकड्यांत का दिसत नाहीत, हा तेव्हाचा प्रश्न होता.

या चाळीसेक वर्षांची किंमत कोणी मोजली, हे आशावादी सहसा सांगत नाहीत. विजेच्याही आधी, यंत्रमाग आल्यावर ब्रिटनमधल्या हातमाग विणकरांची मजुरी कित्येक दशकं घसरत गेली. यंत्रं फोडणाऱ्यांसाठी १८१२ मध्ये संसदेने फाशीची तरतूद केली. पुढे एकंदर राहणीमान सुधारलं हे खरं, पण ते पाहायला त्या पिढीतले बहुतेक विणकर उरले नव्हते.

आता साम्य कुठे तुटतं ते पाहू. मोटरीसाठी तारा ओढाव्या लागल्या, इमारती पाडाव्या लागल्या. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं ते लोकांच्या हातात आधीच असलेल्या फोनवर आणि संगणकांवर. शिवाय मोटर पुढच्या मोटरीचा आराखडा काढत नव्हती. ही साधनं मात्र प्रोग्रॅम लिहितात, त्यात एआय घडवणाऱ्यांचेही आले. त्यामुळे चाळीस वर्षांचा हिशेब जसाच्या तसा लावणं मला धोक्याचं वाटतं. कचेऱ्यांतली मंजुऱ्यांची उतरंड, जबाबदारी कोणाची याचे नियम, शिक्षणाची घडी हे सगळं मात्र फोनच्या वेगाने बदलत नाही. म्हणून नव्या मॉडेलला परीक्षेत किती गुण पडले यापेक्षा, एखाद्या संस्थेने त्याच्यासाठी कामाची मांडणी बदलली का, आणि त्यात कोणाचा पगार घटला, या बातम्या मी आधी वाचतो.